वादळी दिवस, घर आणि हातातलं काम

पागोळी (सोमवार, रात्री ९:१०)

गेल्या आठवड्यात आमच्याकडे लागोपाठ तीन संध्याकाळी वादळ झालं. दुपारभर अंगाची काहिली, चारच्या सुमारास वारा एकदम पडायचा, पान हलेनासं व्हायचं आणि घरामागचं आभाळ दौत सांडल्यासारखं काळंनिळं भरून यायचं.

घरात मी आणि आई, दोघीच. आईला विजांची भीती लहानपणापासूनची. आता मोतीबिंदूमुळे तिला वाचता येत नाही, वादळात टीव्ही मी बंदच ठेवते, त्यामुळे तिचं सगळं लक्ष पुढच्या कडकडाटाकडे. पांघरूण डोक्यावरून घेऊन बसून राहते. गेली दोन वर्षं हे असंच चाललं होतं आणि मला काही सुचत नव्हतं.

तिसऱ्या संध्याकाळी दिवे गेले. खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीशी मी दोन खुर्च्या ओढल्या आणि तिला म्हटलं, वीज चमकली की आपण दोघी मिळून अंक मोजू. आवाज आला की थांबायचं. चमकल्याचं तिला पांघरुणातूनही कळतं. पहिल्यांदा सात झाले. मग नऊ. मग बराच वेळ काही नाही आणि नंतर चौदा. चौदाला आईने पांघरूण खाली घेतलं, म्हणाली, "लांब गेली गं." आणि स्वतःहून क्रोशाची सुई मागितली. चाळीस वर्षांची सवय आहे, टाका डोळ्यांना दिसला नाही तरी बोटांना लागतो. मी बॅटरीच्या उजेडात वाचून दाखवत होते, ती ओळ पुढे नेत होती. दिवे आले तेव्हा दीड तास होऊन गेला होता आणि दोघींनाही उठावंसं वाटेना.

रात्री मी वहीत सगळं उतरवून ठेवलं. किती वाजता सुरू झालं, कधी थांबलं, मोजलेले अंक, पुस्तकाचं कुठलं पान झालं, आईच्या किती ओळी झाल्या. असं कधी लिहिलं नव्हतं. लिहिल्यावर ती संध्याकाळ माझ्याजवळ राहिली असं वाटलं.

म्हणून हा धागा. वादळी हवेत घरात अडकल्यावर तुम्ही काय करता? वाचन, हातातलं काम, एखादा छंद, काहीही. आणि आणखी एक, माझी पुस्तकं दमट हवेने फुगायला लागलीत, एक-दोन पानांवर डाग दिसले. त्याचं काय करायचं, तेही सांगा.

रिपरिप (सोमवार, रात्री ९:४२)

फार सुंदर लिहिलंत. "बोटांना लागतो" इथे माझी आजी डोळ्यांसमोर आली. तीही अंधारात विणायची.

मी वादळात कपाट आवरते. दरवर्षी एकच कप्पा, जुन्या पत्रांचा. आवरून काही होत नाही, वाचतच बसते आणि परत आहे तसं ठेवते. पण ते काम मी त्या दिवसांसाठी राखून ठेवलंय.

हवापाणी (मंगळवार, सकाळी ७:१५)

पागोळीताई, तुम्ही आईंना मोजायला लावलंत ते अगदी योग्य केलंत. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, निवृत्त झाल्यापासून हवेच्या नोंदी ठेवतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

वीज आणि गडगडाट एकाच क्षणी होतात. प्रकाश लगेच पोचतो, आवाज मागून चालत येतो. २० अंश सेल्सिअसच्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर असतो, म्हणजे एक किलोमीटर यायला जवळजवळ तीन सेकंद. मोजलेल्या अंकाला तीनने भागा. तुमचे सात म्हणजे सव्वादोन किलोमीटरच्या आसपास, चौदा म्हणजे साडेचार-पावणेपाच.

आता काळजीची गोष्ट. चौदा म्हणजे लांब, हे घरात बसलेल्या माणसाला दिलासा म्हणून ठीक आहे. घराबाहेर असाल तर चौदा म्हणजे जवळच. आकडा तीसच्या आत, म्हणजे दहा किलोमीटरच्या आत आला की बाहेरच्याने पक्क्या इमारतीत जावं आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तरी बाहेर पडू नये. पुढची वीज आधीच्याच जागी पडेल असं काही नसतं. घरातसुद्धा खिडकीपासून लांब बसलात ते उत्तम. नळाखाली हात धुणं, आंघोळ, वायरचा टेलिफोन हे त्या वेळात टाळा. विजेवर चालणाऱ्या वस्तूंचे प्लग वादळ पोचायच्या आधी काढा, वीज डोक्यावर आल्यावर प्लगला हात लावायला जाऊ नका. चार्जिंगला न लावलेला मोबाइल वापरायला हरकत नाही.

आईंना कदाचित हेही आवडेल. विजेची वाट काही किलोमीटर लांबीची असते. तिच्यातली हवा क्षणात ३०,००० अंशांच्या आसपास तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ पाचपट, आणि फुटल्यासारखी पसरते. त्या वाटेचं एक टोक आपल्याला जवळ, दुसरं लांब. प्रत्येक तुकड्याचा आवाज वेगवेगळ्या वेळी पोचतो म्हणून गडगडाट लांबत जातो. जवळ पडली तर मात्र एकच कडाका ऐकू येतो. लांबलेला, घरंगळत गेलेला आवाज आला की समजायचं, ही आपल्यापासून दूर आहे. मोजायची वेळसुद्धा येत नाही, कान सांगतात.

वहीत वाऱ्याचीही नोंद करा. उपकरण लागत नाही. फ्रान्सिस ब्यूफर्ट या नौदल अधिकाऱ्याने १८०५ मध्ये ० ते १२ अशी वाऱ्याची श्रेणी ठरवली. त्याची मूळ खूण जहाजाच्या शिडांवर होती, जमिनीवरच्या खुणा नंतर जोडल्या गेल्या. खिडकीतून बघून ठरवता येतं. चेहऱ्याला वारा लागतो, पानं सळसळतात तर २. धूळ आणि कागद उडतात, बारीक फांद्या हलतात तर ४. मोठ्या फांद्या हलतात, तारा शिट्ट्या घालतात, छत्री आवरत नाही तर ६. अख्खी झाडं डुलतात तर ७. डहाळ्या तुटून पडायला लागल्या की ८, म्हणजे ताशी ६२ ते ७४ किलोमीटर. गेली अकरा वर्षं मी रोज एक आकडा लिहितो.

सुईदोरा (मंगळवार, दुपारी १:३०)

मी विणते, म्हणून आईंच्या कामाबद्दल लिहिते.

ताई, त्या अंधारात विणतात तर त्यांना फिक्या रंगाचा, जरा जाड आणि घट्ट पिळाचा धागा द्या. सैल पिळाच्या धाग्यात सुईचं टोक शिरतं आणि धागा दुभंगतो, बोटांना ते पटकन कळत नाही. दमट हवेत सुती धागा सुईवर अडखळतो. लाकडी सुई असेल तर ती आणखी जड चालते. अशा दिवसांत मी धातूची सुई काढते. लोकरीचं तसं होत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा पिते आणि तरी हाताला ओली लागत नाही. हातांना घाम येत असेल तर तेवढ्यापुरतं लोकरीचं काम हातात घेणं बरं.

टाके मोजायला दर दहाव्या टाक्यात वेगळ्या जाडीच्या दोऱ्याचा एक तुकडा अडकवून ठेवा. बोटांनी चाचपून मोजता येतं. माझ्या आईसाठी मी हेच करायचे.

आणि एक मनापासून. चूक झाली तर तुम्ही परस्पर उसवू नका. त्यांना सांगा, त्या स्वतः उसवतील. माझ्या आईचं काम मी तिच्या नकळत दुरुस्त करायचे. तिला ते कळत होतं, हे मला फार उशिरा समजलं.

पागोळी (मंगळवार, दुपारी २:०५)

सुईदोराताई, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. मी हेच करते. आज रात्रीपासून नाही करणार.

हवापाणी सर, घरंगळणाऱ्या आवाजाचं आईला आत्ताच सांगितलं. म्हणाली, "म्हणजे लांबट आवाज चांगला." तिने ते पाठ करून ठेवलंय.

जुनेकागद (मंगळवार, रात्री १०:५०)

पुस्तकांचं मी सांगतो. फाटक्या पुस्तकांची बांधणी करणं हा माझा बारा-तेरा वर्षांचा छंद आहे, आणि तो एका नुकसानीतूनच लागला. वादळात गच्चीची पन्हळ तुंबली, पाणी भिंतीतून मुरलं आणि भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कपाटाच्या मागून आत शिरलं. मला चार दिवसांनी वास आला तेव्हा कळलं. बावीस पुस्तकं गेली. त्यात वडिलांच्या हस्ताक्षरातल्या टिपा असलेलं एक होतं. त्याची नुसती वीट झाली होती.

ताई, आधी डाग कसले ते बघा. कडेने तपकिरी, सपाट, हाताला काही लागत नाही, तर ते जुने डाग आहेत, त्यांना छेडू नका. पांढुरका किंवा हिरवट मऊ थर असेल, घासल्यावर पसरत असेल तर बुरशी. ते पुस्तक आजच वेगळं काढून पिशवीत ठेवा, म्हणजे शेजारच्या पुस्तकांना लागणार नाही. उघडिपीचा कोरडा दिवस मिळाला की नाकातोंडाला मास्क लावून बाहेर नेऊन मऊ ब्रशने झाडा, घरात नको. ओल्या फडक्याने तर अजिबात पुसू नका, बुरशी आणखी आत जाते.

हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला वाव मिळतो. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते कपाटात ठेवा. पण सगळ्यात मोठा फरक कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढल्याने पडतो. बाहेरची भिंत थंड राहते, तिच्यालगतच्या हवेत ओल धरते. पुस्तकं घट्ट कोंबू नका, मागे हवा खेळू द्या. सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर. सिलिका जेलच्या पुड्या बंद पेटीत उपयोगी पडतात, उघड्या कपाटात त्या दोन दिवसांत भरून जातात आणि नुसत्या पडून राहतात.

पुस्तक खरंच भिजलं तर घाई करायची आणि घाईही करायची नाही. घाई अशासाठी, की दोन दिवसांत बुरशी सुरू होऊ शकते. आणि घाई नको अशासाठी, की चिंब पुस्तक उघडायला गेलात तर पानं हातात येतात. बंद ठेवूनच टॉवेलात हलक्या हाताने दाबा. नुसतं ओलसर असेल तर उभं करून पंख्यासारखं उघडा, खोलीत पंखा लावा पण त्याचा झोत पुस्तकावर नको. ऊन नको, केस वाळवायचं यंत्र नको. दर दहा-पंधरा पानांमध्ये टिपकागद घाला आणि तो ओला झाला की बदला. फोटोंची गुळगुळीत पानं असतील तर ती वाळताना एकमेकांना कायमची चिकटतात. असं पुस्तक पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये ठेवायचं. गोठल्यावर सगळं जिथल्या तिथे थांबतं, बुरशी वाढत नाही, विचार करायला वेळ मिळतो. मला हे तेव्हा माहीत असतं तर वडिलांचं पुस्तक वाचलं असतं.

४ नोव्हेंबर १९६६ ला इटलीत फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीचा पूर राष्ट्रीय ग्रंथालयात शिरला. दहा लाखांहून अधिक ग्रंथ आणि कागद चिखलात गेले. ते काढायला जगभरातून तरुण मुलंमुली धावून आली. लोक त्यांना चिखलातले देवदूत म्हणायचे. भिजलेले ग्रंथ कसे वाचवायचे याचं आजचं पुष्कळसं शास्त्र तिथे, त्या चिखलात उभं राहिलं. मी नवी पुस्तकं दुरुस्तीला घेतो तेव्हा ती रांगेने चिखलाचे गठ्ठे पुढे देणारी मुलं मला आठवतात.

रिपरिप (बुधवार, सकाळी ८:२०)

जुनेकागद, वडिलांच्या पुस्तकाचं वाचून गलबलून आलं. माझं पत्रांचं कपाट बाहेरच्याच भिंतीला आहे. आज ओढते.

आतलीखोली (बुधवार, सकाळी ११:००)

सगळ्यांचं वाचते आहे. माझा अनुभव थोडा वेगळा आहे, तोही सांगते, कारण माझ्यासारखं आणखी कुणी असेल.

मला मोजणं जमत नाही. मी एकटी राहते. चमकलं की मोजायला लागते आणि पाच, सहा, सात म्हणताना छाती आवळत जाते, कारण आवाज कुठल्याही क्षणी येणार हे माहीत असतं. मोजल्यामुळे ती वाट बघण्याची वेळच मोठी होते. कुणी सोबत असेल तर मोजणं दोघांचं होतं, एकटीला ते आणखी एकटं करतं.

मला उपयोग झाला तो मोठ्याने वाचण्याचा. मनात वाचताना माझं लक्ष सारखं खिडकीकडे जातं आणि एकच ओळ पाच वेळा वाचली जाते. मोठ्याने वाचलं की श्वास वाक्याच्या लांबीप्रमाणे चालतो, पूर्णविरामापाशी आपोआप सोडला जातो. कविता नाही, लांब वाक्यांचं गद्य. पूर्वी वाचलेलं, शेवट माहीत असलेलं. नवीन रहस्यकथा अशा संध्याकाळी मला सोसत नाही.

हवापाणी (बुधवार, दुपारी १२:१०)

आतलीखोली, हे सांगितलंत फार बरं झालं. मी वर्गात कितीतरी मुलांना सरसकट मोजायला लावलं. त्यातल्या एखाद्याला तुमच्यासारखं झालं असेल, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

सहाठिपके (बुधवार, रात्री ८:३५)

नमस्कार. मी जन्मापासून पाहू शकत नाही. इथलं मी मोबाइलच्या आवाजावर ऐकतो आणि बोलून लिहितो, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

दिवे जातात तेव्हा आमच्या घरात सगळ्यांचं काम थांबतं आणि माझं चालू राहतं. पत्नी, दोन्ही मुलं, सगळी माझ्या खोलीत येऊन बसतात आणि मी ब्रेल पुस्तक मांडीवर घेऊन वाचून दाखवतो. गेली सहा-सात वर्षं हे ठरूनच गेलंय. मुलगी लहान होती तेव्हा म्हणायची, बाबांच्या पुस्तकाला दिवा लागत नाही. एरवी मला मुलं वाचून दाखवतात, कागद, पाकिटं, शाळेतून आलेल्या सूचना. वादळाच्या रात्री उलटं होतं. त्या तासाची मी वाट बघतो, हे खरं सांगतो.

लुई ब्रेलने ही लिपी १८२४ मध्ये तयार केली तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. सहा ठिपके, त्यांच्या त्रेसष्ट जुळण्या, बस. वाचताना डाव्या हाताचं बोट पुढची ओळ शोधून ठेवतं, उजवं चालू ओळ संपवतं. जुनेकागद, ब्रेल पुस्तकाला ओल आणखी वाईट. कागद जाड असतो पण ओल धरली की ठिपके मऊ पडतात आणि वर वजन आलं तर बसतात. बसलेला ठिपका म्हणजे पुसलेलं अक्षर. म्हणून माझी पुस्तकं आडवी एकावर एक कधीच नसतात, उभी आणि सैल असतात.

पागोळीताई, तुमच्या आईंसाठी एक गोष्ट. पाऊस सुरू झाला की त्यांना विचारा, कशाकशावर पडतोय ते सांगा. एरवी अंगण माझ्यासाठी गप्प असतं. पाऊस आला की पत्रा बोलतो, रुंद पानं बोलतात, बादलीच्या काठावर टिण् वाजतं आणि सायकलच्या सीटवर नुसती डबडब. परवा सुरू झाला तेव्हा मी मुलाला म्हटलं, सायकल आज फाटकाशी ठेवलीयस का? तो धावत जाऊन बघून आला. तिथेच होती. तुमच्या आईंची नजर मंदावलीय, पण कान कडकडाटाची वाट बघत बसण्याऐवजी पावसाच्या मागे गेले तर त्यांना ते अंगण परत मिळेल असं मला वाटतं.

सुईदोरा (बुधवार, रात्री ९:०२)

सहाठिपके, तुमचा प्रतिसाद मी घरात सगळ्यांना वाचून दाखवला.

शब्दसर (गुरुवार, सकाळी ६:५०)

मला हातातलं काम काही येत नाही, मी शब्द जमवते. वादळी दिवसांत वहीच्या मागच्या पानावर पावसाचे शब्द लिहायचे, जे आत्ता बाहेर चाललंय त्यालाच लागू पडतील असे. भुरभुर आणि रिपरिप यांत फरक आहे. भुरभुरीला छत्री लागत नाही, रिपरिपीला लागते आणि ती संपता संपत नाही. सर येते आणि जाते. झड लागते आणि बसते. आधी मळभ, मग झाकोळ. थांबल्यावर पागोळ्या. आणि माझा सगळ्यांत लाडका शब्द उघडीप. पाऊस थांबला एवढंच तो सांगत नाही, आभाळ आता आपल्यासाठी उघडलंय हेही सांगतो.

हवापाणी सरांचा प्रतिसाद वाचून एक लक्षात आलं. गुरगुर, गडगडाट, कडकडाट. आपल्या भाषेत अंतर आधीच मोजून ठेवलंय! आभाळ गुरगुरतंय म्हणजे क्षितिजापलीकडे काहीतरी चाललंय. गडगडलं म्हणजे गावाच्या वेशीवर. कडकडलं म्हणजे डोक्यावर. आतलीखोली, तुम्हाला आकडे नकोसे होतात तर हे तीन शब्द वापरून बघा. आवाज येऊन गेल्यावर त्याला नाव द्यायचं. वाट बघावी लागत नाही.

आतलीखोली (गुरुवार, सकाळी ७:३०)

शब्दसर, हे जमेल मला. आवाज येऊन गेल्यावर नाव देणं. खरंच जमेल.

हवापाणी (गुरुवार, सकाळी ७:५५)

शब्दसर, तेहतीस वर्षं शिकवूनही मला हे दिसलं नव्हतं. आज वहीत तीन रकाने आखले.

आवाजाला नाव देण्यावरून आठवलं. ढगांची आज जगभर चालणारी नावं दिली ती ल्यूक हॉवर्ड या लंडनच्या औषधं बनवणाऱ्या व्यावसायिकाने. डिसेंबर १८०२ मध्ये त्याने हौशी मंडळींच्या एका छोट्या सभेत निबंध वाचला आणि सिरस, क्युम्युलस, स्ट्रेटस ही नावं रुळली. त्याचा धंदा औषधांचा, ढग हा त्याचा छंद. खिडकीतून आभाळ बघत बसण्याला कुणी रिकामटेकडेपणा म्हटलं की मी हॉवर्डचं नाव सांगतो.

पागोळीताई, वहीत पाऊसही मोजून लिहा. सरळ बाजूंची, सपाट तळाची काचेची बरणी घ्या, तोंड आणि तळ सारख्याच रुंदीचे. उघड्यावर ठेवा. भिंत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या दुप्पट अंतर तरी मध्ये सोडा. पट्टीने खोली मोजा, ते आलेले मिलिमीटर म्हणजेच तुमचा पाऊस. बरणी रुंद की अरुंद याने फरक पडत नाही. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. थोडा पाऊस मोजायचा असेल तर १० सेंटिमीटर तोंडाचं नरसाळं ५ सेंटिमीटर रुंद बरणीवर बसवा. पाणी चौपट उंच चढेल, आकड्याला चारने भागायचं. रोज एकाच वेळी वाचा. हे काम फार जुनं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारात सुमारे हातभर तोंडाचं कुंड ठेवून पाऊस मोजायला सांगितलं आहे. कोरियात १४४१-४२ मध्ये राजा सेजोंगच्या काळात ठरावीक मापाची पर्जन्यमापकं करून देशभर ठेवली गेली.

जुनेकागद (गुरुवार, रात्री ११:१५)

सहाठिपके, ब्रेल पानातला बसलेला ठिपका परत उठवता येतो का, मागून बारीक बोथट टोकाने? मी आज एका जाड कागदावर करून पाहिलं. कागद कोरडा असताना उठतो, पण कड तेवढी स्पष्ट येत नाही. तुमचं एखादं बिघडलेलं पान असेल तर मला शिकायचंय.

सहाठिपके (शुक्रवार, सकाळी ९:१०)

उठतो, पण बोटाला तो दमल्यासारखा लागतो. तरी नसण्यापेक्षा बरा. माझ्याकडे अकरा पानं आहेत अशी. तुम्हाला निरोप पाठवतो.

पागोळी (शनिवार, रात्री ९:५०)

आज मोठं वादळ झालं. दिवे पावणेसहाला गेले, आत्ता आले. सकाळीच कपाट चार बोटं पुढे ओढलं, डागाळलेली दोन पुस्तकं पिशवीत वेगळी ठेवली. एकावर बुरशी आहे, दुसऱ्यावरचे डाग जुने निघाले. बरणी दुपारी गच्चीत ठेवून आले होते.

पाऊस सुरू झाल्यावर आईला विचारलं, कशाकशावर पडतोय. आधी म्हणाली, पावसावर काय पडणार, पाऊसच. मग गप्प बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तुळशीच्या कुंडीखालची ताटली पालथी आहे." मी उद्या सकाळी बघणार होते, पण राहवेना. दार किलकिलं करून बॅटरी मारली. पालथीच होती. मी ती झाडायला काढली आणि तशीच ठेवली होती, तिला सांगितलंही नव्हतं.

एक वीज फार जवळ पडली. मोजायला सुरुवात केली आणि तीन म्हणायच्या आत घर हादरलं. आईने पांघरूण घेतलं. मीही घाबरले, पुस्तक मांडीवरून खाली पडलं. थोड्या वेळाने पांघरुणातूनच तिने विचारलं, "कुठे होतीस?" मला पान सापडेना. तिनेच शेवटचं वाक्य सांगितलं, शब्दन् शब्द.

सुईदोराताई, तिचा एक टाका सुटलेला मला दिसला. मी तिला सांगितलं, सुईला हात लावला नाही.

वहीतलं आजचं पान इथे उतरवते:

शनिवार. मळभ ३ पासून, झाकोळ ५ ला. वारा ७, शेवटी ४. सुरुवात ५:३०, उघडीप ८:०५. मोजलेलं: १६, ११, ८, ३, ९, १३, मग मोजणं सोडलं. कडकडाट एक, गडगडाट बरेच, नंतर नुसती गुरगुर. पाऊस २३ मिलिमीटर. वाचन पान ९४ ते ११२. आईच्या ओळी चार. तिने सांगितलं तसं लिहितेय: दुसऱ्या ओळीत टाका सुटला, उद्या उजेडात उसवून परत घालणार.